मोजता येईल असा परिणाम

फॉर्म अठरा पानांचा आहे.
जगभरातल्या नावीन्यपूर्ण आणि उत्कृष्ट शाळांसाठी पुरस्कार.
आमचं नाव कुणी सुचवलं, ते ताम्हाणे बाईंनाही ठाऊक नाही.
"शैला, तुझं टायपिंग बरं आहे," त्या म्हणाल्या,
आणि शाळेचं सगळं कर्तृत्व
हिशेबाच्या टेबलावर येऊन पडलं.

प्रश्न तिसरा : परिसर.
लिहिलं, वडोदरा. विश्वामित्रीपासून चारशे पावलं.
पावलं खोडून मीटर केलं.
मगरींचं लिहू का, विचारलं.
नको, घाबरतील, बाई म्हणाल्या.
रावजीभाईनं झाडू भिंतीला टेकवला :
"लखो ने बेन, मगरेय आवेली निशाळ जोवा."
खरंच आली होती.
पाणी ओसरल्यावर तिसरीच्या वर्गात, पहिल्या बाकाखाली,
हजेरीत तिचं नाव नव्हतं एवढंच.

प्रश्न सातवा : तुमचा नवोपक्रम कधी सुरू झाला?
तारखेसाठी आठ चौकोन.
कधी बरं?
दिघे सर निवृत्त झाले आणि जागा भरली नाही तेव्हा,
की वरच्या खोलीचं छत ठिबकू लागलं
म्हणून चौथी आणि सहावी एकत्र बसवली तेव्हा?
सहावीतली ध्रुवी चौथीतल्या इर्शादला भागाकार शिकवते.
भाग मराठीत लावायचा, अडला तर गुजरातीत,
रागवायचं हिंदीत,
आणि उरलेली बाकी दोघांनी मिळून बघायची.
याला इंग्रजीत फार सुंदर नाव आहे.
ट्रस्टींच्या मुलानं फोनवर सांगितलं,
मी स्पेलिंग दोनदा विचारून घेतलं.
आम्ही त्याला
'शिक्षक नाहीत' म्हणायचो.

प्रश्न अकरावा : मोजता येईल असा परिणाम.

इथे मी थांबले. चहा गार झाला.

व्हरांड्यात माठाच्या मागे एक भिंत आहे.
तिच्यावर पुराच्या रेषा, एकीवर एक,
दिघे सरांनी गेरूनं शेजारी सालं लिहिलेली.
मुलं तिथे पाठ लावून उभी राहतात,
डोक्यावर पट्टी आडवी धरतात.
कोण पाण्याखाली, कोण पाण्याच्या वर.
ध्रुवी गेल्या दिवाळीत वर आली,
तिनं घरून सुखडी आणून वाटली.
इर्शाद अजून खाली आहे.
त्यानं एकदा विचारलं, "बेन, पाणी पण दरवर्षी वाढतं का?"
उत्तर मला येत नव्हतं.
दुसऱ्या दिवसापासून ती दोघं बांबूला खुणा करून
पुलावरच्या पोलिसाला रोज आकडा विचारतात,
वहीत लिहितात. तीन वह्या झाल्या.
कुणी सांगितलं नव्हतं.

परवा ट्रस्टनं हसमुख रंगाऱ्याला पाठवलं.
फोटो जायचेत, भिंती स्वच्छ हव्यात.
क्रीम कलर, दोन हात.
मी कचेरीत पावत्या लावत बसले, काही बोलले नाही,
ते मला अजून लागतं.
संध्याकाळी बघते तर
माठाच्या जागी प्रयोगशाळेचं लोखंडी कपाट,
आणि हसमुख कपाटाच्या कडेकडेनं रंगवत चाललेला.
"आ तो बहु भारे छे," रावजीभाई त्याला सांगत होता,
"खसशे नहीं."
हसमुख गेल्यावर त्यानं ते एकट्यानं सरकवलं.

आता सबंध व्हरांडा नवा आहे
आणि मधोमध दरवाजाएवढी जुनी भिंत,
तिच्यात नदी.

आज इर्शादला उभं केलं.
टाचा टेकव, म्हटलं. टेकवल्या.
जूनमध्ये सहा कमी होती.
फॉर्ममध्ये फक्त आकडा लिहायची सोय आहे.
मी लिहिलं, तीन.
पुढे छोटा चौकोन : एकक.
बाईंना विचारलं नाही.
बोटं, असं टाइप केलं,
आणि बाराव्या प्रश्नाकडे वळले.